पाचटाला लागलेली काडी

माळशिरसच्या पुढं वस्तीवर राहणाऱ्या मायाक्काच्या नाकावर राग असतो, असं लोक म्हणतात. त्या रागाला कारणं पुरवणारेही तेच, हे मात्र कुणी सांगत नाही.

तिचा नवरा येडू सात-आठ महिने मेंढरं घेऊन परमुलखात. उसाचं एवढंसं रान तीच बघते. ते अलीकडं इतकं कडक झालेलं, की पाणी दिलं तरी वरच्या वर निघून जायचं. ऊस तुटला की पाचट पेटवायचं, ही इथली रीत. राख झाली की रान स्वच्छ झालं म्हणायचं. यंदा मायाक्कानं काडी लावली नाही. कुजून माती मऊ व्हावी म्हणून तो वाळका पाला सरीत दाबला, बुडखे मोकळे केले, वर युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकलं, शेणकाल्यात पाचट कुजवायचं औषध कालवून शिंपडलं आणि पाणी सोडलं. मग बांधावरून चौकशा सुरू. उंदीर होतील, साप निघतील. शेजारची तानाबाई तर म्हणाली, गडीमाणूस घरी नसला की असंच व्हायचं. समजावून सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पण खालचा थर मऊ पडू लागला होता. हात घातला की ओल लागायची. तेवढ्या ओलीवर तिनं सगळ्यांचं बोलणं गिळलं आणि ज्वारीच्या काढणीला मंगळवेढ्याकडं माहेरी गेली.

परतली तर रान काळंठिक्कर. वरचं भडकून गेलेलं, खालचं धुमसत होतं. बांधावर येडू उभा, दोन दिवसांची सवड काढून आलेला, कौतुकाची वाट बघत. बायकोला झेपेना म्हणून पाचट पडून राहिलंय, असं वस्तीवर ऐकलं आणि बिचाऱ्यानं भाकरी खायच्या आधी काडी लावली.

मायाक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मला इचारायचं तरी."

"त्यात काय इचारायचं? तुजा तरास वाचवला की."

नको म्हणेल म्हणून फोनवर तिनं त्याला काहीच सांगितलं नव्हतं. आता सगळं सांगितलं. येडू राखेत बोटं घालून बसून राहिला. मग हळूच म्हणाला, आता काय करू?

"फुडच्या साली ऊस तुटला की मेंढरांमागंच ऱ्हावा. पाऊस पडंस्तवर हिकडं फिरकू नगा."

बोलून गेली आणि तिला रडू कोसळलं. ज्याच्या वाटेकडं सात-आठ महिने डोळे लावायचे, त्यालाच येऊ नका म्हणायची पाळी आली होती.