सात नंबरचा फोन

झुंबर पगारे ओझरच्या विमान कारखान्यात बत्तीस वर्षं इन्स्पेक्टर होते. तिथला रिवाज साधा. माल नापास झाला की त्याला लाल चिठ्ठी बांधायची आणि जाळीत टाकून कुलूप लावायचं, म्हणजे चुकूनसुद्धा कुणी तो विमानाला बसवणार नाही. रिटायर झाल्यावर पंचवटीतल्या घरात नापास करण्यासारखं फारसं काही उरलं नाही. दोन महिन्यांत घरच्या कुकरला तिसऱ्यांदा चिठ्ठी लागली, तेव्हा सून मंजुषा म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्या ऑफिसला येत चला."

मंजुषा वेबसाइट बनवायची. एकच पान एका ब्राउझरमध्ये गुणी पोरासारखं वागतं आणि दुसऱ्यात हातपाय गाळून बसतं, हे तिचं रोजचं दुखणं. झुंबररावांना पानामागच्या स्क्रिप्टमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तपासणी कळत होती. त्यांनी देवळाली कॅम्पच्या बाजारातून नऊ जुने फोन आणले, त्यांना नंबर टाकले, दोन लॅपटॉप धरून कागदावर अकरा रकाने आखले. प्रत्येक पान अकरा ठिकाणी दाबून बघायचं, लाल पेन्सिलीने टिक करायची, खाली सहीच्या रकान्यात सही. फोन हातभर लांब धरून बघायची त्यांची सवय होती. नीट दिसावं म्हणून, असं ते सांगत.

त्या शुक्रवारी पंचवटीतल्या डोळ्यांच्या एका दवाखान्याचं पान होतं. म्हाताऱ्या माणसांनी घरबसल्या तपासणीचा नंबर घ्यायचा. रविवारी उद्घाटन. दहा ठिकाणी पान चाललं. सात नंबरच्या फोनवर 'नंबर घ्या' दाबलं आणि काहीही झालं नाही.

"तो फोन फार जुना आहे, बाबा," मंजुषा म्हणाली. "शंभरातल्या दोघांकडेसुद्धा नसेल."

"दवाखाना कुणाचाय? म्हाताऱ्यांचा. म्हाताऱ्याकडं नवा फोन कुठून येनार? पोराचा जुना झाला की बापाला. सगळे हेच फोन घेऊन येतील बघ."

मंजुषाला पाच वाजता दवाखाना काढणाऱ्या केरूनानांना पान दाखवायचं होतं. ती चहा सांगायला खाली गेली. वर आली तेव्हा टेबल रिकामं होतं. झुंबररावांनी पान नापास केलं होतं आणि पान लॅपटॉपमध्ये होतं, म्हणून लॅपटॉपला लाल चिठ्ठी बांधून, दुसऱ्या लॅपटॉपसकट आणि नऊही फोनांसकट लोखंडी कपाटात कुलूपबंद केलं होतं. चावी खिशात घालून ते जुन्या सोबत्यांना भेटायला ओझरच्या बसमध्ये बसले होते. त्यांचा स्वतःचा फोन सायलेंटवर होता.

केरूनाना वेळेवर आले. मंजुषाने त्यांना बंद कपाट दाखवलं. दुसरं दाखवण्यासारखं काही नव्हतं.

रात्री जेवताना तिने चावी मागून घेतली आणि म्हणाली, "बाबा, उद्यापासून ऑफिसला येऊ नका."

"बरं," म्हणून त्यांनी आमटी वाढून घेतली. कारखान्याने साठाव्या वर्षी हार घालून घरी पाठवलं होतं. सुनेने हारही घातला नाही. शनिवारी त्यांनी घरातले सगळे स्क्रू आवळले. दुपारी ते पुन्हा आवळले.

इकडे मंजुषाने कपाट उघडलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'फोन सात. नंबर घ्या दाबलं. काही नाही. तीन वेळा.' तिचा राग अजून गेला नव्हता, पण चिठ्ठीत एक शब्द खोटा नव्हता. तिने स्क्रिप्ट नव्या पद्धतीने, आखूड लिहिली होती. जुन्या ब्राउझरला त्यातली एक ओळ कळत नव्हती, आणि एक ओळ कळली नाही की तो पुढचं वाचतच नव्हता. वाद घालत नव्हता, गप्प बसत होता. घरातल्या माणसासारखा, असं तिला वाटलं आणि वाईटही वाटलं. तिने ती ओळ जुन्या पद्धतीने लांबलचक लिहून काढली.

रविवारी सकाळी ती भाजीच्या पिशवीत नऊ फोन आणि पाठीवर दोन लॅपटॉप घेऊन झुंबररावांपुढे उभी राहिली. "सही हवी आहे. केरूनाना नारळ घेऊन उभे आहेत."

"बघितल्याबिगर सही करत नाय मी."

"म्हणूनच आणलंय सगळं."

त्यांनी कागदावर अकरा रकाने आखले. केरूनानांचा दोनदा फोन आला. झुंबरराव घाई न करता एकेक टिक करत गेले. सात नंबरचा फोन त्यांनी शेवटी घेतला, हातभर लांब धरला, नेहमीसारखं स्वतःचंच नाव घातलं आणि बटण दाबलं. पडद्यावर आलं: झुंबर पगारे, गुरुवार, सकाळी नऊ, नंबर एक.

त्यांनी आणखी दोनदा बघितलं आणि सही केली. "पास. आता माझं नाव तेवढं पुसून टाक. ते नुसतं तपासायला घातलं होतं."

"पुसणार नाही," मंजुषा फोन पिशवीत भरत म्हणाली. "तुमची सही रकान्याबाहेर गेली आहे, बाबा. महिनाभर बघते आहे मी. गुरुवारी डोळे दाखवू, आणि तिथून सरळ ऑफिसला जाऊ."