सोमवारची पिशवी

शी! अजूनही कोळशाची पूड दिसली की मी तोंड फिरवते.

नागापूरच्या एमआयडीसीत एका छोट्या प्रयोगशाळेत मी टेक्निशियन होते. माणसाच्या आतड्याला चिकटून रक्त पिणारा हुकवर्म नावाचा जंत हॅमस्टरच्या, म्हणजे गुबगुबीत उंदरांच्या, पोटात जगवायचा आणि मग त्यावर नवी औषधं तपासायची, हे आमचं काम. पण हे नतद्रष्ट जंत माणूस सोडून कुठं टिकायलाच तयार नव्हते. त्यांची अंडी मिळायची माणसाच्या शौचातून. ते कोळशाच्या पुडीत कालवायचं, ओलं ठेवायचं, आठवड्यानं वळवळत्या अळ्या निघायच्या, त्या हॅमस्टरच्या पिलांना पाजायच्या. घरी गेलं तरी वास नाकातून जायचा नाही. वरणभातसुद्धा घशाखाली उतरेना.

जंत असलेला ताजा नमुना द्यायला कुणी मिळेना. आई गावी, सोनईला, अनवाणी उसात खुरपायला जायची, आणि हे जंत मातीतून तळपायातच शिरतात. अलीकडं पांढरीफटक पडली होती, चार पावलं टाकली की धाप. म्हणून तिचा नमुना तपासला. बाई गं, अंडीच अंडी! एका गोळीचं काम होतं, आणि गोळी माझ्या पर्समध्येच होती.

"आई, गोळीला आठ दिवस थांब. तुझे नमुने हवेत."

"तुजं काम हुतंय ना? मग घे की! हे कुनाला पायजे?" ती हसली.

आठ दिवसांचे तीन महिने झाले. दर सोमवारी दुधाच्या टेम्पोतून पिशवी यायची. घट्ट झाकणाची बाटली, आणि तिच्या शेजारीच माझ्यासाठी भाकरी नि ठेचा.

"ताई, नशीबवान हाय तुमी. आईचा डबा!" ड्रायव्हर म्हणायचा.

भाकरी मी गेटबाहेरच्या कुत्र्याला घालायची आणि बाटली जपून आत न्यायची.

एका सकाळी एक पिल्लू पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं दिसलं. साहेबांनी त्याचं तोंड उघडलं. हिरड्या पांढऱ्याफटक. "रक्त उतरलंय! जंत रुजले!" ते ओरडलेच. पेढे वाटले. मला मात्र त्या हिरड्या ओळखीच्या वाटल्या. तोंडातला पेढा थुंकून मी सोनईची एसटी धरली.

मला बघून आई भिंत धरून उठली. मी तिला गोळी दिली. तिनं ती गिळली.

"उंदरात जगले व्हय?"

"जगले."

"बरं झालं बाई. मग सोमवारी नुसती भाकरच धाडते. खाती ना गं पोटभर?"

"खाते की," मी म्हणाले, आणि मला माझीच शिसारी आली.