हिरव्या लुगड्याचं पोलकं

जुन्या लुगड्याचं नवं काही शिवून कोणी दाखवायला आणलं की बाकीच्या बायका ते हातात घेऊन कौतुक करतात, आणि मी ते आधी उलटं करून पाहते. मी शिवण पाहते असं त्यांना वाटतं. मी डाग शोधत असते. जुन्याचं मला वावडं नाही. जुन्या लुगड्यांच्या वाकळा मी स्वतः शिवल्या आहेत, बाळोती फाडली आहेत, पोछे केले आहेत. पण जुन्याला नटवायचं, त्याला फॅशन म्हणायचं आणि दुसऱ्याच्या अंगावर चढवून वर उपकार केल्यासारखं बघत राहायचं, हे पाहिलं की मला शिसारी येते. ती का येते हे सांगायचं तर आत्यापासून सुरुवात करावी लागेल.

आम्ही खामगावचे. बाप जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावर कापूस जोखायचा. घरी यायचा तेव्हा भुवयांत, कानांत, मिशीत कापसाचे तंतू अडकलेले असायचे. लढाईची वर्षं होती. गावात कापसाचे डोंगर आणि दुकानात कापडाचा तुकडा नाही, अशी तऱ्हा. कंट्रोलच्या दुकानापुढे बायका उजाडल्यापासून बसायच्या, आणि मिळालंच तर पहिल्या धुण्यात वीतभर आटणारं खरखरीत कापड मिळायचं. सगळ्या गावाची पंचाईत झाली, एकट्या आत्याचं नशीब उघडलं.

आत्या म्हणजे बापाची थोरली बहीण. राहायची दोन गल्ल्या पलीकडे, पण हुकूम आमच्या घरात चालायचा. तिच्या नवऱ्याची नोकरी काही वर्षं नागपुरात होती. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, सरकारी हुकूम नागपुराहून यायचे, आणि आत्याच्या मते शहाणपणही तिकडूनच यायचं. परत येताना तिने हाताने फिरवायचं शिवणाचं मशीन आणलं, आणि डोक्यात फुग्याच्या बाह्या, पाठीवरची बटणं आणि झालरीचे फ्रॉक भरून आणले. नऊवारी लुगडं हाती आलं की ती सरळ त्याचे दोन भाग करायची. पाच वार नेसायला, उरलेल्यात पोलकं, आणि त्यातूनही वाचलं तर एखादं झबलं. नागपुरात आता कोणी चोळीची गाठ मारत नाही, असं ती सांगायची. गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या आणि दुसऱ्या दिवशी काखेत गाठोडं मारून तिच्या ओसरीवर हजर व्हायच्या.

त्या ओसरीवर बसून जुन्या शिवणी उसवायचं काम माझ्याकडे होतं. गाठोडं सोडलं की वास यायचा. खोबरेल, घाम, चुलीचा धूर, अंगावरच्या दुधाचा आंबूस वास, पोराच्या मुताचा वास. काखेखालचं कापड पिवळं पडून कडक झालेलं असायचं. मी तोंडाने श्वास घेऊन उसवत बसायची. आत्याला त्याचं काही नव्हतं. ती ते रिठ्यात भिजवायची, रंगाऱ्याकडून गडद रंगवून घ्यायची, आणि जो भाग काही केल्या सुधारायचा नाही तो अस्तरात घालायची. "आतून कोन पाह्यते?" एवढंच तिचं शास्त्र. वरून कीर्तन आतून तमाशा असं लोक नुसतं म्हणतात, मी तो तमाशा टाके घालून तयार होताना पाहिला. कापड दुकानदाराची बायको फुग्याच्या बाह्या मिरवत आमच्याकडे यायची. त्या बाह्यांना आतून कसलं फडकं लावलंय ते मला ठाऊक होतं. मी तिच्या शेजारी बसत नसे, आणि पोरगी लाजाळू आहे असं सगळे समजायचे.

माझी आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आईला दिवस होते. त्या दिवशी ती शेजारी हळदीकुंकवाला गेली होती, आणि अंगावर तिचं चांगलं म्हणायचं असं एकच लुगडं होतं, बऱ्हाणपुरी, हिरवं, रुंद लाल काठाचं. तिच्या डोहाळजेवणाला घेतलेलं. भिंत धरत धरत ती घरी आली. सुईणीला बोलावलं, मला आत्याकडे पिटाळलं. जाता जाता न्हाणीच्या दगडावर ते लुगडं बोळा होऊन पडलेलं मी पाहिलं, आणि त्याचा हिरवा रंग अर्धा दिसत नव्हता. दुसऱ्या दिवशी आई गेली, बाळही गेलं. असं लुगडं घरात ठेवत नाहीत. सुईणीला देतात, नाही तर जाळतात. पण आत्याने त्याचा काठ पाहिला आणि तिचा जीव तुटला. आईसाठी तुटला नव्हता एवढा तुटला. तिने ते धुऊन, रंगाऱ्याकडून रंगवून आईच्या पेटीत तळाशी घालून ठेवलं.

वर्ष पुरं व्हायच्या आत बापाने दुसरं लग्न केलं. मुलगी जळगाव जामोदकडची, डोंगराच्या पायथ्याच्या एका खेड्यातली, माझ्याहून फार तर आठ वर्षांनी मोठी. मला तिला मावशी म्हणायला सांगितलं. सावत्र आईला मावशी म्हणायची आमच्याकडे रीतच होती. दुसरी एक रीत होती ती मात्र तिच्यावर आली. पहिली बायको सवाष्ण गेली असेल तर तिचा चांदीचा टाक करून देवात बसवायचा, आणि दुसरीला जे नवं नेसायचं ते आधी त्या टाकापुढे ठेवायचं. हळदकुंकू वाहायचं, हे तुझं म्हणायचं, आणि मग दुसरीने ते उष्टं नेसायचं. मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की माझी आई त्या चांदीच्या पत्र्यात नाही. पण पोरीला कोण विचारतं.

आत्याने या रीतीतूनही फायदा काढला. तिचा हिशोब असा की पहिलीचीच लुगडी कापून दुसरीला शिवली तर टाकापुढे ठेवायची गरजच उरत नाही. जिचं तिचंच राहिलं. देवाचंही झालं आणि कापडही वाचलं. बापाला ते पटलं. बापाला आत्याचं सगळंच पटायचं. मग आईची पेटी आत्याच्या ओसरीवर गेली, आणि मी ज्या पदराला धरून चालायला शिकले तो मलाच उसवायला दिला.

मावशी देतील ते नेसायची. माहेरून आणलेली तिची दोन लुगडी विरत चालली होती, ती घरातल्या घरात वापरायची. बाहेर जाताना आईचं अंजिरी, आईचं जांभळं, त्यावर आत्याची फुग्याची पोलकी. बायका तिला समोर बसवून माझ्या आईचे गुण गायच्या. आई जिवंत असताना ह्याच बायकांनी तिच्या हातच्या भाजीला नावं ठेवली होती. मेली म्हैस मणभर दूध म्हणतात ते उगाच नाही. वर म्हणायच्या, मागून पाहिलं तर अगदी तीच चाललीय असं वाटतं. हे ऐकलं की मावशी भिंतीला पाठ लावून बसायची. मला त्या बायकांच्या तोंडाकडे बघवत नसे.

मावशीने एकदाच काही मागितलं. बाप जेवत होता, ती भाकर वाढत होती. म्हणाली, "मले एक लुगडं आनून द्या, माह्यं सोताचं. जाडंभरडं असलं तरी चालते." बापाने घास गिळला आणि ताईले विचार म्हणाला. मावशी आत्याला विचारायला गेली नाही. पण त्यानंतर ती आईचं लुगडं नेसताना डोळे मिटून घ्यायची हे मी पाहिलं आहे.

पुढे मावशीला दिवस गेले. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करायचं ठरलं, आणि डोहाळजेवणाला हिरवं लागतं. तिच्या माहेरी भावांच्या अंगावरच धड नव्हतं, ते हिरवं कुठून आणणार. त्यामुळे आत्याने पेटीचा तळ उकरला. ते लुगडं बाहेर काढताना मी तिथेच बसले होते. रंगाऱ्याने ते इतकं गडद केलं होतं की डाग आता डाग वाटत नव्हता, काळपट पट्टा वाटत होता. आत्याने तो उजेडात धरून पाहिला, नखाने खरवडला आणि कात्री लावली. पाच वार डागाशिवाय निघाले. पोलक्याला वरून चांगलं कापड लावलं आणि पट्टा पाठीच्या आतल्या अंगाला गेला. मी म्हटलं, आत्या, हे आईचं ते. तिने मशीनचं चाक थांबवलंही नाही. मोठ्यांच्या गोष्टीत बोलू नये म्हणाली.

डोहाळजेवणाच्या दिवशी आमच्या ओसरीवर बायका जमल्या. मावशीला तयार करायला आतल्या खोलीत मला पाठवलं, कारण बटणं पाठीवर होती. तिने पोलकं हातात घेतलं, आणि घालण्याआधी उलटं केलं. तिलाही तोवर सवय लागली असावी.

"हे काय व्हय?" तिने विचारलं.

"मायचं हाये," मी म्हटलं.

कशाचं, असं तिने विचारलं आणि मी सगळं सांगितलं. हळदीकुंकू, भिंत धरून येणं, सुईण, न्हाणीतला दगड. मी सांगत होते आणि तिचा हात आपोआप पोटावर गेला. ती पुढे सुखरूप बाळंत झाली हे इथेच सांगून टाकते, नाही तर ऐकणारे तेवढंच विचारत बसतात. पण त्या क्षणी ते तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. पहिली बाळंतपणात गेली, तिचं रक्त दुसरीच्या पोटुशी अंगाला चिकटवून वर बटणं लावायची होती, आणि बाहेर बायका कौतुक करायला बसल्या होत्या. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले.

मावशी रडली नाही. नेसलेलं हिरवं तिने सोडलं, घडी केली, आपलं माहेरचं गुडघ्यावर विरलेलं लुगडं आणि गाठीची चोळी घातली आणि तशीच बाहेर जाऊन पाटावर बसली. मग आत्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. भिकारणीसारखं ओटीला बसून घराची अब्रू घालवली, एवढं राबून शिवलं त्याचं चीज नाही, खेड्यातल्या पोरीला फॅशन काय कळणार. मावशी मान खाली घालून ऐकत होती, पण पाटावरून उठली नाही. शेवटी आत्याने बापाला जिनातून बोलावून आणवलं.

बाप मिशीत कापूस घेऊन आला. मावशीने पोलकं उलटं करून त्याच्यापुढे धरलं. बोलले मीच. एवढ्या बायकांसमोर मी बापाला सांगितलं की हे आईचं रक्त आहे. त्याने पोलकं हातात घेतलं, त्या काळ्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला, एकदा आत्याकडे पाहिलं.

"धुतलेलं तर हाये," तो म्हणाला.

मग त्याने जेवण झालंय का विचारलं. पुरणपोळी होती. तो तिथेच आत बसून जेवला, वर तूपही मागून घेतलं. बायकांनी घाईघाईने ओटी भरली, त्याही जेवल्या. त्या दिवशी त्या घरात जेवलो नाही अशा दोघीच, मावशी आणि मी. माणसाची किळस येते म्हणजे काय होतं ते मला तेव्हा कळलं. जुन्या कपड्यांची येते ती धुतल्यावर थोडी तरी जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात गेले तर मावशी पाणचुलीपुढे बसली होती. वर हंडा होता, खाली कापसाच्या वाळक्या पळाट्या घातल्या होत्या. तिच्या मांडीवर ते लुगडं आणि ते पोलकं होतं. माझी वाट पाहत असावी.

"हे तुह्या मायचं हाये," ती म्हणाली. "जाळू का पुरू? तू म्हनशीन तसं."

आई गेल्यापासून आईबद्दल मला कोणी काही विचारलं नव्हतं. पेटी नेताना नाही, लुगडी कापताना नाही, टाक घडवताना नाही. विचारलं ते हिने. मी जाळ म्हटलं.

तिने आधी पोलकं आत सारलं, मग लुगडं, हातहात सरकवत, काठासकट. सुती कापड, भुरकन पेटलं. आम्ही दोघी ते संपेपर्यंत बसून राहिलो. तेवढ्यात बाप खांद्यावर पंचा टाकून आला, त्याने त्याच हंड्यातलं पाणी घंगाळात काढून घेतलं आणि न्हाणीत जाऊन आंघोळ केली. मग भिजल्या मिशा पुसत बाहेर आला आणि मावशीला म्हणाला, आज पानी चांगलं तापलं.