मामेसासरे आणि तेवीस ट्रक

घर उभं राहिल्याबरोबर ते मनातल्या मनात पाडून मोकळा होणारा आमच्या शहरात एकच माणूस होता, आणि ते नेमके माझे मामेसासरे निघाले. किल्लारीच्या भूकंपानंतर बांधकाम खात्याने त्यांना ढिगारे उपसायच्या कामावर पाठवलं होतं. परत आले ते ही सवय घेऊनच. कुठलंही घर दिसलं की ते पडलं तर मलबा किती ट्रक निघेल, याचा अंदाज काढायचा. गुलमंडीवर साडी घ्यायला गेल्यावर मामी पदर बघायच्या, हे स्लॅब बघायचे. "दोन्ही बाजू खाली आल्या तर या गल्लीत ट्रक शिरत नाय," असं त्यांनी दुकानदाराला शांतपणे सांगितलं. त्याने घाबरून सूट दिली. पुतणीच्या स्थळाकडच्यांनी आपलं तीन मजली घर मिरवत दाखवलं, तेव्हा हे म्हणाले, "चाळीस ट्रक. लई भारी." त्या लोकांना ते कौतुक वाटलं आणि लग्न जमलं.

आम्ही सिडकोत घर बांधलं. फरशीचा रंग ठरवण्यात माझ्या बायकोचा अख्खा उन्हाळा गेला होता. वास्तुशांतीला भटजी मंत्र म्हणत होते आणि मामा खांबांवर टिचक्या मारत होते. आहेराचं पाकीट माझ्या हातात देत ते म्हणाले, "जावईबापू, तेवीस ट्रक. रस्त्यात नका टाकू, समोर मैदान हाय." बायकोने ते ऐकलं. ज्या मामाने तिला खांद्यावर बसवून पाणचक्की दाखवली, त्याच्याशी तिने बोलणं टाकलं. मामा फाटकापर्यंत यायचे, मेथीची जुडी ठेवून परत जायचे. मला त्यांची फार कीव यायची.

मुलीच्या बारशाला मामी मध्ये पडल्या. मलब्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, या अटीवर मामांना बोलावणं गेलं. ते घुगऱ्यांची वाटी घेऊन मुकाट बसले. नाव ठेवून झालं, बायका पांगल्या, तसे मामा उठले आणि त्यांनी पाळणा माळ्याखालून ओढत दाराजवळ नेला. माळ्यावर आमचे पितळी हंडे होते.

"मामा, हे काय चाललंय?" बायको म्हणाली.

"मी काही बोललो का?"

वातावरण सैल करायला मी विचारलं, "मामा, आता किती ट्रक?"

ते पाळण्याकडे बघत राहिले. "रिकाम्या घराचा अंदाज निघतो हो. माणसं राहायला आली की नाय निघत. तिथं फावडं चालत नाय. हातानंच काढावं लागतं, हळूहळू."

बायकोने पाळणा दाराजवळून परत माळ्याखाली नेला नाही. तिने मामांच्या वाटीत आणखी घुगऱ्या वाढल्या आणि लहानपणीसारखी त्यांना टेकून बसली.