चिमूटभर मीठ आणि काकूंची दुपार

पाककृतींचं पुस्तक एकदाही न उघडता मी ते एका निवृत्त माणसाच्या हातात दिलं. वर छातीठोकपणे म्हणाले, "हे घ्या काका, अगदी तुमच्यासाठीच आहे." आजही आठवलं की स्वतःच्याच डोक्यात टपली मारावीशी वाटते.

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. बदलापुरात कात्रपला आम्हा नवरा-बायकोचा नवा फ्लॅट होता आणि माझ्या अंगात नवी आगाऊगिरी. स्टेशनजवळच्या एका खोलीतल्या वाचनालयाची मी सभासद होते. तिथे काउंटरवर उभी राहून मी येईल त्याला पुस्तक सुचवायची. डॉक्टर जसा जीभ बघतो तशी मी माणसाचा चेहरा बघायची. उदास दिसला की विनोदी, सुखी दिसला की रहस्यकथा. मुखपृष्ठ, पाठीमागचा मजकूर आणि शेवटचं पान, एवढाच माझा अभ्यास. वाचनालयाचे मालक बिचारे म्हणायचे, "ताई, मलाही एखादं सुचवू द्या हो." मी देत नसे.

शेजारच्या काकू माझ्या सर्वांत भाविक पेशंट. दुपारी दोन ते चार त्या चटईवर आडव्या होऊन जाडजूड कौटुंबिक कादंबरी वाचायच्या. नायिकेचा छळ सुरू झाला की मनसोक्त रडायच्या आणि चारला ताज्यातवान्या होऊन चहा टाकायच्या. तीस वर्षांच्या संसारात तेवढे दोन तास त्यांचे स्वतःचे होते.

मग काका रिटायर झाले. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते मालाची तपासणी करत. आता तपासायला घरात काकूच उरल्या. पंधरा दिवसांतच काकू माझ्या दारात उभ्या.

"अगं, काहीतरी दे ह्यांना वाचायला. दुपारभर गुंतले पाहिजेत. माझी नायिका बारा दिवस माहेरीच बसलीय, सासरी न्यायला मला वेळ मिळत नाही!"

मी रहस्यकथा दिली. काकांनी संशयितांची यादी केली आणि दर प्रकरणाला काकूंना हलवून विचारलं, "ऊठ, तुला कोण वाटतं?"

मग प्रवासवर्णन दिलं. काका नकाशा आणि पट्टी घेऊन बसले. लेखक एका दिवसात तेवढं अंतर कापूच शकत नाही, हे त्यांनी काकूंना रोज दुपारी सिद्ध करून दाखवलं.

विनोदी पुस्तकाने तर कहर केला. काका हसले नाहीत. एकेक परिच्छेद मोठ्याने वाचायचे आणि विचारायचे, "यात हसण्यासारखं नेमकं काय आहे?" विनोद समजावून सांगताना काकूंच्या डोळ्यांत पाणी यायचं. ते कादंबरीतल्या रडण्यासारखं सुखाचं नव्हतं.

तेव्हा मला ती थोर कल्पना सुचली. काकांना हाताला काम हवंय, म्हणजे पाककृती! मला स्वयंपाक येतो, मग ते पुस्तक वाचायचं कशाला? पहिलं पान जरी बघितलं असतं तरी कळलं असतं की त्या लेखिकाबाई प्रत्येक पदार्थाला "चवीपुरतं मीठ" आणि "अंदाजाने पाणी" घालतात. तीस वर्षं मिलिमीटरमध्ये जगलेल्या माणसापुढे मी "अंदाजाने" ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी काका पुस्तक घेऊन माझ्याकडे आले. "पोरी, चवीपुरतं म्हणजे किती ग्रॅम?"

"काका, ते हाताला कळतं."

"कुणाच्या हाताला?"

आणि मी मूर्खासारखी म्हणाले, "काकूंच्या."

झालं! काकांनी ओळखीच्या सोनाराकडून जुना तराजू आणला. बरोबर दोन वाजता काकूंना उठवायचे, मिठाची चिमूट घ्यायला लावायचे आणि ती तोलायचे. दहा चिमटी, मग सरासरी. "ही जास्त भरली, रिजेक्ट. परत घे." मीठ झालं, हळद झाली, हिंग झाला. उल्हासनगरच्या बाजारातून कमळकाकडी आणून तिच्या चकत्यांची जाडी कारखान्यातल्यासारखी व्हर्नियर मापकाने मोजली. ज्या काकू डोळे मिटून वीस माणसांचं वरण करायच्या, त्या आता चिमूट घेताना बिचकायला लागल्या.

एका दुपारी दोनला माझी बेल वाजली. दारात काकू, एका काखेत उशी, दुसऱ्या काखेत कादंबरी. आत आल्या, माझ्या दिवाणावर आडव्या झाल्या आणि वाचायला लागल्या. दुसऱ्या दिवशीही आल्या. तिसऱ्या दिवशी चटईही आणली, ती माझ्यासाठी. दुपारी दोन ते चार मीही त्याच दिवाणावर वाचत असे; हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, पण दोन दिवसांत त्यांनी ओळखलं होतं. आता मी जमिनीवर. वरून नायिकेच्या सासूला शिव्या ऐकू यायच्या आणि मला माझं एकच पान चार वेळा वाचावं लागायचं.

चारच्या सुमाराला काका झाकलेली बशी घेऊन यायचे. पदार्थ उत्तम असायचा. काकू तो शेवटच्या घासापर्यंत खायच्या आणि म्हणायच्या, "मीठ कमी आहे."

महिनाभराने मी शरण गेले. "काकू, चुकलंच माझं. न वाचता पुस्तक दिलं. आता तुमची दुपार तुमच्या घरी परत यायला मी काय करू, ते तुम्हीच सांगा."

काकूंनी पानात बोट घातलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तू आता काही एक करू नकोस. तुझा नवरा रिटायर झाला की त्याला पुस्तक मी सुचवीन. तोवर तो पंखा जरा माझ्याकडे फिरव, हिची सासू आत्ताच पायरीवरून घसरलीय."