चुन्याच्या फुल्या

गिरणीवाल्या मावशींचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना ते चालणार नाही. पण सुरुवात त्यांच्यापासूनच करायला हवी. शहादा तालुक्यातल्या एका गावात, पाण्याच्या टाकीजवळ, त्या पिठाची गिरणी चालवतात. त्या दिवशी त्या मध्ये पडल्या नसत्या, तर मी केव्हाच गाशा गुंडाळून घरी गेलो असतो.

घर म्हणजे कुडाळकडे. नववीत शाळा सुटली, मग एका मोजणीवाल्या ठेकेदाराच्या मागे काठी धरून फिरत फिरत नंदुरबारला आलो. ठेकेदार काम संपवून गेला, मी राहिलो. आता स्वतःच नकाशे काढतो. शेताचा उतार कुठे, विहीर कुठे, पाइप कुठून न्यायचा. ठिबकवाले दुकानदार कामं देतात. माझ्याकडे डिग्री नाही, सही-शिक्का नाही, कचेरीत माझ्या कागदाला कुणी हात लावत नाही. शेवटच्या सरीपर्यंत पाणी पोचलं की शेतकरी म्हणतो, नकाशा बरा होता. नाही पोचलं तर शिव्या मला. खोली मिरची वाळत घालतात त्या पथारीला लागून आहे. हंगामात दार लावूनही ठसका सुटत नाही. आई फोनवर विचारते, खोकतोस का रे एवढा? मी म्हणतो, इथली हवाच तिखट आहे.

काम असं असतं. ड्रोन वरून फोटो काढतो. ते फोटो जागेवर बरोबर बसावेत म्हणून आधी जमिनीवर चुन्याच्या फक्कीने मोठ्या फुल्या मारायच्या आणि प्रत्येक फुलीची जागा यंत्राने मोजून ठेवायची. फुल्या नुसत्या त्या शेतात मारून भागत नाही, चहूबाजूंनी थोड्या बाहेरही लागतात. म्हणजे शेजाऱ्याच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला. ड्रोन माझा नव्हता. नंदुरबारमधल्या एकाकडून भाड्याने आणायचो, आणि तो हरवला तर तुझं दुकान बंद, असं त्याने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

त्या सकाळी ज्याच्या उसाचं काम होतं तो शेतकरी गावात नव्हता. फोनवर म्हणाला, तुम्ही सुरू करा, मी येतोच. एक फुली गिरणीसमोरच्या मोकळ्या अंगणात बसत होती. मावशी गिरणीच्या दगडाला टाकी लावत होत्या, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड हातोडीने खडबडीत करत होत्या. मी विचारलं, इथे चुन्याची खूण केली तर चालेल का? त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि मान हलवली. विचारणं हा माझा सभ्यपणा नव्हे. मला सगळ्यांचीच भीती वाटते, म्हणून मी विचारतो. बाकीच्या फुल्या मारल्या तिथे विचारायला कुणी नव्हतं.

ड्रोन पेटीतून काढत होतो तेवढ्यात माणसं जमली. आधी चार-पाच, मग रस्ता भरेल एवढी.

‘काय करी ऱ्हायना रे आठे?’ पुढच्याने विचारलं. पांढरी टोपी, हातात उसाचा कोयता.

मी घाबरलो की माझ्या तोंडून पुस्तकी मराठी येते. म्हणालो, सदर क्षेत्राचं सर्वेक्षण सुरू आहे. तिथेच घात झाला. त्या गावात अशी भाषा बोलणारा माणूस कचेरीतूनच येतो. मागून कुणीतरी म्हणालं, ‘चुनावाला साहेब शे,’ आणि लोक हसले.

चुन्याचं प्रकरण मला मागाहून कळलं. काही वर्षांपूर्वी अशाच फुल्या पडल्या होत्या. टाकणाऱ्यांनी विचारलं नाही, सांगितलं नाही. पुढच्या हंगामात उभ्या पिकात विजेचे टॉवर रोवले गेले. तेव्हापासून चुना पडला की जमीन गेली, असं तिथलं पोरसुद्धा समजतं. मी नेमक्या तशाच फुल्या मारल्या होत्या, त्याही त्यांच्या बांधांवर.

‘कागद दाखाड,’ टोपीवाला म्हणाला. माझ्याकडे कागद नव्हता. शेतकऱ्याला फोन लावला, स्पीकर सुरू केला. मला वाटलं, आता सुटलो. पलीकडून त्याने फोन उचलला. एवढ्या माणसांचा गलका त्याला ऐकू येतच असणार.

‘मन्हा काही संबंध नही,’ तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्या माणसाबद्दल माझ्या मनात आजही चांगला शब्द नाही. त्याला त्याच गावात राहायचं होतं, हे मला समजतं. समजलं म्हणून राग जात नाही.

पेटी हिसकावली गेली. एकाने कॉलर धरली. कुणी म्हणे पोलिसांत द्या, कुणी म्हणे यंत्र विहिरीत टाका, म्हणजे हा परत येणार नाही. पेटी उचलून दोघं विहिरीकडे निघालेसुद्धा. मी हात जोडत होतो.

तेव्हा मावशी आल्या. अंगावर पीठ, हातात टाकीची हातोडी तशीच. टोपीवाला त्यांच्यावरच खेकसला, ‘तू तुन्ही गिरनी देख.’

त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, ‘यानी सकाये मले ईचारं, खूण करू का म्हनीसन. सरकारी माणूस कधी ईचारस का?’

टॉवरवाल्यांनी त्यांच्यापैकी एकालाही विचारलं नव्हतं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. विहिरीच्या काठावरून पेटी परत आली. कुणी मला बस म्हटलं नाही, की पाणी दिलं नाही. टोपीवाल्याने एकच अट घातली, सगळ्या फुल्या मिटवून जा. मावशींनी खराटा दिला. मी प्रत्येक बांधावरचा चुना झाडला, आणि प्रत्येक बांधापर्यंत चार-पाच जण माझ्या मागून चालत आले.

नंतर ठिबकच्या दुकानात कळलं, त्या बाजूच्या बऱ्याच घरांनी मावशींकडे दळण टाकणं बंद केलं. परक्यासाठी गावाला खाली पाहायला लावलं म्हणे. मी आजही नकाशे काढतो ते त्यांच्यामुळे, आणि त्यांची गिरणी निम्मा दिवस बंद असते ती माझ्यामुळे.

त्यानंतर मी त्या गावात गेलेलो नाही. त्या फाट्यावर बस थांबली तरी मी खिडकीपासून आत सरकतो. पण एक दिवस उतरणार आहे. गव्हाचं पोतं डोक्यावर घेऊन, भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या गिरणीवर जाणार आहे आणि दळण होईपर्यंत ओट्यावर बसून राहणार आहे. मग दर महिन्याला. मावशी, हे माझ्याकडून होईलच.