चरबीलाही वेळ कळते

सासूबाईंची साखर वाढली, तेव्हा माझा पहिला संशय बेसनाच्या लाडवांवर गेला आणि दुसरा थेट त्यांच्यावर. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. नवऱ्याची बदली नागपूरला, त्यामुळे बोळिंजच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच. ऑफिसातून मी घरी पोचेपर्यंत दहा वाजत आलेले असायचे आणि त्या जेवायच्या थांबलेल्या. सून म्हणून त्या स्वतः कोकणात जन्मभर सगळ्यांच्या मागून, एकट्या जेवल्या होत्या. आपल्या सुनेवर ती पाळी येऊ द्यायची नाही, हे त्यांनी पक्कं केलं होतं. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

त्यांचं पोट सुटत चाललं, साखर उतरेना. जेवण तर चिमणीएवढं. मग मी लाडवांचा डबा कुलपात ठेवला आणि डॉक्टरांसमोर बेधडक सांगून टाकलं, "ह्या चोरून गोड खातात." सासूबाईंनी मान खाली घातली. सापडली चोरी, असं मला वाटलं.

एका रविवारी जीवशास्त्र शिकणारी भाची दुपारी जेवायला आली. आजीच्या साखरेचा विषय निघाला, तशी तिनं आजीच्या जेवणाची वेळ विचारली आणि माझ्याकडे पाहिलं.

"मामी, पोटावरची चरबी म्हणजे नुसता साठा नसतो. तिच्यातसुद्धा घड्याळ असतं. तिथली कितीतरी जनुकं दिवसाच्या ठरावीक वेळी जोमात असतात, मग मंदावतात. रात्री उशिरा आलेलं अन्न शरीराला तितकंसं झेपत नाही. सगळा दोष वेळेचाच असेल असं नाही, पण आजी पहाटे उठते ना? तिला संध्याकाळी सातलाच जेवू द्या."

ज्या एकत्र जेवणाचं मला कौतुक होतं, तेच त्यांना बाधत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. वर चोरीचा आळ घेतला. लाज वाटली मला, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भाची गेल्यावर मी त्यांची माफी मागितली. विचारलं, "डॉक्टरांसमोर तुम्ही 'नाही' असं का म्हणाला नाहीत?"

त्या भाजी निवडत होत्या.

"तू शिकलेली. एवढ्या खात्रीनं सांगत होतीस गो," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, खात असेन आणि विसरत असेन."